कीअर तीनदा बदलला, मोर्स तरी तुटतोच: एसडीआर रेडिओवर डिट नेमका कोण बनवतोय?

हौशी रेडिओवर मोर्स पाठवणाऱ्यांचे महिन्यातून एक-दोन फोन तरी असे येतातच. (एसडीआर म्हणजे सिग्नलचं काम सॉफ्टवेअरनं करणारा रेडिओ. डिट म्हणजे मोर्सचा आखूड ठोका, डा म्हणजे लांब.) परवाचा हिंगोलीकडून होता.

"काका, नवा एसडीआर घेतला. पॅडल लावलं की अक्षरं तुटायलीत. कीअर खराब दिसायलाय. दुसरा कोणता घेऊ?"

मी विचारलं, "डिट कोण बनवायलंय?"

समोर शांतता. मग, "म्हणजे? कीअरच की."

"आणि रेडिओच्या आतला कीअर बंद केलास का?"

परत शांतता. इथंच गाडी अडते, दर वेळी. माझीही अडली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं परभणीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळक्या सबमर्सिबल मोटारी, संध्याकाळी शटर ओढलं की मागच्या खोलीत रेडिओ. एसडीआर घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी एक कीअर विकत घेतला, तो बरा नाही म्हणून दुसरा घेतला, तिसरा स्वतः जोडला. दोष निघाला एका पिनेत आणि प्रोग्राममधल्या एका टिकेत. तिन्ही कीअर ठणठणीत होते.

पॅडल म्हणजे नुसते दोन स्विच. अंगठ्याचा डिटचा, बोटाचा डाचा. दाबून धरलं की मोजून डिट किंवा डा काढत राहायचं काम कीअरचं. डिट एक माप, डा तीन मापं, अक्षराच्या आतली फट एक माप, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. जुन्या रेडिओला कीअर बाहेरून लावायचा आणि विषय संपायचा. एसडीआरच्या घरात मात्र हे काम करणारे तीन जण असू शकतात: बाहेरचा डबा, रेडिओच्या आतली चिप आणि संगणकावरचा प्रोग्राम. साइडटोन, म्हणजे आपण पाठवतोय त्याचा आपल्याच कानात वाजणारा आवाज, तोही तिघांपैकी कुणीही काढू शकतो. म्यान एक आणि तलवारी तीन. बाजारात कीअर शोधण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा: डिट कोण बनवणार, आणि मी ऐकणार कुणाचं. दोन्हींचं उत्तर एकच आलं पाहिजे. येत नसेल तर कितीही महागाचा कीअर आणा, रडगाणं तेच.

'ए' पाठवला, 'एस' गेला

सगळ्यात जास्त भेटणारं दुखणं हेच. बाहेरचा कीअर रेडिओच्या पॅडलच्या सॉकेटात लावलेला असतो आणि रेडिओ अजून समजत असतो की आपल्याला पॅडलच लावलंय.

काय होतं ते एका अक्षरावर पाहू. कीअरनं 'टी' काढला, म्हणजे एक डा, म्हणजे तीन मापं वायर जोडलेली. रेडिओला वाटतं, कुणीतरी डिटचं पॅडल तीन मापं दाबून धरलंय. तो इमानदारीनं एक डिट काढतो, एक माप थांबतो, पॅडल अजून दाबलेलंच दिसतं म्हणून दुसरा डिट काढतो. गेला 'आय'. दोघांचा वेग सारखा असेल तर 'ए' (· –) चा 'एस' (· · ·) होतो आणि 'एन' (– ·) चाही 'एस'च होतो. 'एम'चा 'एच'. 'ओ'चे सहा डिट होतात, असं अक्षरच नाही. आणि गंमत म्हणजे ई, आय, एस, एच ही नुसत्या डिटांची अक्षरं जशीच्या तशी जातात. त्यामुळे माणूस बुचकळ्यात पडतो. कधी नीट, कधी चुकीचं, म्हणजे लूज कनेक्शन असणार असं वाटतं आणि सोल्डरिंग आयर्न तापवायला घेतो. दोघांचे वेग वेगळे असले तर विचारूच नका, काहीही ऐकू येतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. रेडिओच्या मेनूत कीचा प्रकार 'पॅडल' किंवा 'आयँबिक' असेल तो 'स्ट्रेट की' करा. रेडिओ संगणकाशी जोडलेला डबा असेल तर हीच निवड प्रोग्रामच्या सीडब्ल्यू (म्हणजे मोर्सच्या) पानावर एका टिकेच्या रूपात असते. ती टिक काढा. आता वायर जोडलेली म्हणजे कॅरिअर (रेडिओची लहर) चालू, वायर सुटी म्हणजे कॅरिअर बंद, एवढंच रेडिओ करेल. माझी हरवलेली टिक ती हीच.

पिन लावताच डा सुरू होतात, थांबत नाहीत

हा याचाच चुलतभाऊ. पॅडलचं सॉकेट तीन कड्यांचं असतं: टोकाला डिट, मधल्या कडीला डा, मागं ग्राउंड. बहुतेक कीअरच्या आउटपुटला दोनच वायरी लागतात, म्हणून आपण घरातली दोन कड्यांची मोनो पिन लावतो. मोनो पिनेचा लांब दांडा सॉकेटातल्या मधल्या पत्तीला थेट ग्राउंड करतो. रेडिओच्या दृष्टीनं डाचं पॅडल कायम दाबलेलं. पिन आत गेली की डा-डा-डा-डा सुरू.

माझा सल्ला, कायम तीन कड्यांचीच पिन वापरा, टोकाला कीअरची वायर, मागं ग्राउंड, मधली कडी मोकळी. काही छोटे रेडिओ चालू होताना मधली कडी ग्राउंडला आहे का ते पाहतात आणि असेल तर आपोआप स्ट्रेट कीवर जातात. तिथं मोनो पिन मुद्दाम चालते. तुमचा तसा आहे का ते पुस्तिकेत बघा. पण असले रेडिओ चालू असताना पिन बदलली तर त्यांना कळत नाही, बंद करून परत चालू करावे लागतात.

आवाज उशिरा येतो

आता खरं दुखणं. वरची दोन सापडली की सुटतात, हे मात्र महिनोन् महिने कळत नाही, कारण यात यंत्र चुकत नाही, हात चुकतो.

मला मोर्स शिकवला तो तार ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा ते कितीतरी दिवस गप्प गप्प होते. माझा एसडीआर बघायला मोठ्या हौसेनं आले. मी पॅडलवर दोन ओळी पाठवल्या, तीन ठिकाणी अडखळलो. त्यांनी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, दोन अक्षरं हाणली आणि म्हणाले, "अरे, ठोकतोस इथं आणि वाजतंय पुढच्या गल्लीत."

नेमकं निदान होतं ते. माझ्या जोडणीत पॅडल दाबल्याची खबर रेडिओतून नेटवर्कच्या वायरीनं संगणकाला जायची, संगणक साइडटोन बनवायचा, साउंड कार्डाच्या बफरमध्ये, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायच्या जागेत, भरायचा, मग हेडफोनला. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले तर २०४८ सॅम्पलचा एक बफर भरायला सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात. असे एकामागून एक दोन बफर असले की ८५ च्या वर गेलो.

हे खूप की थोडं ते वेगावर ठरतं. १२०० ला वेगानं भागा, एका डिटची लांबी मिलिसेकंदात मिळते. मिनिटाला ८ शब्द या वेगाला डिट १५० मिलिसेकंदांचा. २० शब्दांना ६०, २५ ला ४८. म्हणजे ८ च्या वेगाला ८५ मिलिसेकंदांचा उशीर अर्ध्या डिटाहून थोडा जास्त, मेंदू सांभाळून घेतो. २० च्या वेगाला तोच उशीर जवळजवळ दीड डिट होतो. तुमचं बोट पुढच्या घटकावर गेलेलं असतं आणि कान मागचाच ऐकत असतो. बोट थांबतं, मग एक डिट जास्त पडतो, 'एच'चा पाच होतो, 'व्ही'चा चार.

हौशी रेडिओ परवान्याच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेला आपल्याकडे ८ शब्दांचाच मोर्स आहे. म्हणून होतं काय, परीक्षा पास होईपर्यंत सगळं गुळगुळीत चालतं. सराव वाढतो, वेग १५-१६ ला पोचतो आणि "अचानक कीअर बिघडतो". कीअर काही बिघडलेला नसतो, तुमचा हात सुधारलेला असतो.

तपासणी अशी. साइडटोन पूर्ण बंद करा. हेडफोन काढून ठेवा. पॅडलच्या ठोक्यावर, बोटाच्या भरवशावर दहा-बारा शब्द पाठवा आणि दुसऱ्या एखाद्या रिसीव्हरवर मोबाइलनं ते रेकॉर्ड करा. पॉवर अगदी कमी, जमलं तर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर. मग साइडटोन चालू करून तेच शब्द परत. बहिऱ्यानं पाठवलेलं जास्त स्वच्छ निघालं तर दोष उशिराचा. माझ्याकडे तसंच निघालं. लाज वाटली, पण निदान झालं.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर ही तपासणीही करू नका, तो सरळ काढा. नुसत्या ब्लूटूथचाच उशीर १०० ते २०० मिलिसेकंद असतो. गाणी ऐकायला ठीक, मोर्सला नाही.

बफर ५१२ सॅम्पलवर आणला तर एकाचे ११ मिलिसेकंदही होत नाहीत. पण संगणक जुना असेल तर आवाज फाटायला लागतो, टकटक येते, परत वाढवावा लागतो. माझ्या हाताला १५ मिलिसेकंदांपर्यंत काही जाणवत नाही. ३० च्या पुढे बोटं अडखळतात. प्रत्येकाचं थोडं वेगळं असेल. शेवटी मी बफरशी कुस्ती सोडून दिली. कीअरच्याच डब्यात छोटा स्पीकर बसवला, साइडटोन तिथून ऐकतो, आणि प्रोग्राममधला साइडटोन शून्यावर. डिट जिथं बनतो तिथंच वाजतो. समोरच्याचा आवाज थोडा उशिरा आला तरी चालतो, त्याच्यावर आपल्या बोटांचा तोल अवलंबून नसतो.

'सीक्यू'चा 'केक्यू' होतोय

हे दोन्ही पॅडल एकत्र दाबून, म्हणजे आयँबिक पद्धतीनं, पाठवणाऱ्यांसाठी. ('सीक्यू' म्हणजे 'कुणी आहे का' अशी सगळ्यांना हाक.) आयँबिक कीअरचे दोन स्वभाव असतात, ए आणि बी. दोन्ही पॅडल सोडल्यावर ए चालू असलेला घटक पुरा करून थांबतो. बी त्यानंतर उलटा एक घटक जास्त टाकतो. हात बीच्या सवयीचा आणि कीअर एवर असला तर 'सी' (– · – ·) मधला शेवटचा डिट गळतो, उरतो 'के'. उलट असेल तर 'ए'चा 'आर' होतो आणि 'एन'चा 'के'. चुका नेहमी शेवटच्या घटकात आणि नेहमी एकाच जातीच्या असल्या की हीच सेटिंग बघा. एकच पात असलेलं पॅडल वापरणाऱ्यानं हा परिच्छेद सोडून द्यावा.

पॉवर वाढवली की भूत शिरतं

पाच वॉटला सगळं सुतासारखं सरळ. पन्नास वॉट केले की डिट लांबतात, मध्येच स्वतःहून चार डिट जास्त पडतात, कधी कधी पॅडल सोडलं तरी रेडिओ दाबलेलाच राहतो. हे उशिराचं लक्षण नाही, आरएफ, म्हणजे आपण पाठवतोय ती रेडिओ लहरच, पॅडलच्या वायरीत शिरतंय. ओळखायची आणखी एक खूण: २० मीटरला ठीक, ४० मीटरला बिघाड, किंवा उलट. उशीर बँड बघत नाही, आरएफ बघतं. डमी लोड लावून पूर्ण पॉवर द्या. भूत गेलं तर खात्री.

माझा हा त्रास फेब्रुवारीपासून वाढायचा आणि मृग बरसला की कमी व्हायचा. आधी योगायोग वाटला. मग लक्षात आलं. माझी अँटेना एका टोकाला फीड केलेली अर्धतरंग वायर, ४० मीटरसाठी वीस मीटर लांब, गच्चीवरून लिंबाच्या झाडाला. ट्रान्सफॉर्मर दुकानातल्याच इनॅमल तारेनं भरलेला, तेवढं आपल्या हातचं. पण दुसऱ्या बाजूला काउंटरपॉइझ, म्हणजे परतीच्या करंटसाठीची वायर, लावलीच नव्हती, नुसता एक अर्थिंगचा रॉड. आपली काळी जमीन पावसाळ्यात रॉडला घट्ट धरते, उन्हाळ्यात हात घालता येईल एवढी भेगाळते आणि रॉड तिच्यात सैल उभा राहतो. खाली चार-पाच फुटांवर काळा पाषाण. मग परतीचा करंट कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून घरात येतो, रेडिओच्या पेटीवर बसतो, तिथून पॅडलच्या वायरीवर. उन्हाळ्यात रॉडच्या खड्ड्यात मी पाणी आणि मीठही ओतून पाहिलं. शेतातल्या स्टार्टरच्या अर्थिंगला तो उपाय चालतो, इथं नाही.

चालला तो असा. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला दोन-अडीच मीटरची काउंटरपॉइझ वायर. कोॲक्स घरात शिरण्याआधी मोठ्या फेराइट रिंगवर दहा-बारा वेढे, रिंग ३१ किंवा ४३ मिक्सची. विजेपासून संरक्षणासाठीचं अर्थिंग मात्र आहे तसंच ठेवायचं, तो वेगळा विषय. एवढ्यावरच नव्वद टक्के भूत उतरलं. उरलेल्यासाठी कीअरच्या सॉकेटावर डिट ते ग्राउंड आणि डा ते ग्राउंड असे दोन १०३ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर, पाय जेवढे आखूड कापता येतील तेवढे. ०.०१ मायक्रोफॅरडनं डिटला काही फरक पडत नाही, मायक्रोसेकंदांचा मामला आहे.

घरी आर्डुइनोवर (प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) कीअर जोडलेल्यांनी आणखी एक करावं. चिपच्या आतला पुल-अप, म्हणजे वायरीला व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा असतो, एवढी हलकी वायर म्हणजे आरएफला उघडं दार. बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टला जोडा. आणि क्लिपचा फेराइट लावायचा तर वायर त्यातून नुसती आरपार नेऊ नका, तीन वेढे द्या. अडथळा वेढ्यांच्या वर्गानं वाढतो, तीन वेढ्यांना नऊपट. रिवायंडिंगवाल्याला हे सांगायला नको होतं, पण मीही आधी एकच फेरा घातला होता.

चांदीचे पॉइंट, काळे पडलेले

थोडी माझी हौस. पॅडल मी स्वतः केलं. हॅक्सॉ ब्लेडची पात, आणि टेकायला भंगारातल्या जुन्या स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरचे चांदीचे पॉइंट. चांदी म्हटल्यावर यापेक्षा चांगलं काय! चार महिने फार गोड चाललं. मग डिट गळायला लागले, तेही सकाळी जास्त. भिंगातून पाहिलं तर पॉइंटवर काळसर थर.

स्टार्टरमध्ये हाच थर कधी त्रास देत नाही, कारण तिथं अँपिअरांत करंट जातो, ठिणगी पडते, थर जळून जातो. पॅडलवर ३.३ व्होल्ट आणि आतला पुल-अप धरला तर करंट एक दशांश मिलीअँपिअर. तो थराला काय भेदणार? वर सांगितलेल्या ४.७ किलोओहमच्या पुल-अपनं करंट वाढतो आणि इथंही मदत होते. बाकी साफ करायला पॉलिश पेपर वापरू नका. साधा कोरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करून पॉइंटमध्ये धरा, हलकं दाबा, ओढा. काळी रेघ येईल. रेघ यायची थांबेपर्यंत नव्या जागेनं परत. तोच कागद फटीचं माप म्हणूनही चालतो, साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो.

काही स्वस्त रेडिओ डिट आणि डा एकाच वायरीवर ओळखतात, वेगवेगळ्या रेझिस्टरमधून येणाऱ्या व्होल्टेजवरून. अशा रेडिओवर मळकट पॉइंट म्हणजे डिटचा डा होणं. तिथं आधी पॅडल साफ करा आणि मगच बाकी काही उघडा.

पहिलाच डिट खाल्ला जातो

थांबून परत सुरुवात केली की फक्त पहिलं अक्षर बिघडतं, 'आर'चा 'एन' होतो, पुढचं सगळं नीट. रेडिओला रिसीव्हवरून ट्रान्समिटवर यायला, रिले टेकायला जो वेळ लागतो तो पहिल्या डिटातून कापला जातो. २५ च्या वेगाला ४८ मिलिसेकंदांतले २० गेले तर उरलं काय? कीअरमध्ये पीटीटी (रेडिओला ट्रान्समिटवर आणणारी लाइन) आधी आणि की नंतर, अशी १५-२० मिलिसेकंदांची आघाडी ठेवायची सोय असते, ती लावा. पॉवर ॲम्प्लिफायर असेल तर हे सक्तीचं समजा, नाहीतर रिलेचे पॉइंट चालू पॉवरवर हलून जळतील.

संगणकानं की मारायची असेल तर

संपर्कांची नोंद ठेवणाऱ्या लॉगिंगच्या प्रोग्राममधून एफ-१ दाबून सीक्यू पाठवायचा मोह सगळ्यांना होतो. सगळ्यात स्वस्त मार्ग, यूएसबी-सिरीअलची डीटीआर लाइन (प्रोग्रामनं चालू-बंद करता येणारी एक वायर), एक ट्रान्झिस्टर, झालं. यात डिट विंडोज बनवतं. विंडोजचं घड्याळ मूळ सेटिंगला १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी चालतं आणि त्यात अँटिव्हायरस मध्येच उठला तर देवच राखो. डिट लंगडे येतात. शिवाय संगणक चालू होताना डीटीआर आपोआप वर जाऊ शकते, म्हणजे तुम्ही चहा घेताय आणि रेडिओ कॅरिअर देतोय. हा प्रकार माझ्या ओळखीच्या एकाकडे झाला. ब्रेक-इन (की दाबताच रेडिओनं आपोआप ट्रान्समिटवर जाणं) बंद ठेवून संगणक चालू करायची सवय त्यानं त्या दिवसापासून लावून घेतली.

विनकीअर जातीचा कीअर वेगळ्या पद्धतीनं काम करतो. संगणक त्याला १२०० बॉडनं नुसती अक्षरं देतो, 'ही घे', आणि डिट-डा ती चिप स्वतःच्या घड्याळावर काढते. संगणक मध्ये डुलकी घेवो, अक्षर मोडत नाही. पॅडलही त्यालाच लागतं आणि तुम्ही पॅडलला हात लावताच टाइप केलेला मजकूर थांबतो. के-३-एनजी नावानं ओळखला जाणारा खुला प्रोग्राम आर्डुइनो नॅनोवर टाकला तर हीच भाषा तो बोलतो. मी आता हाच वापरतो. एक अडचण येते: लॉगिंग प्रोग्रामनं पोर्ट उघडताच आर्डुइनो रीसेट होतो, एक-दोन सेकंद गप्प राहतो आणि प्रोग्राम म्हणतो, कीअर सापडला नाही. रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नवा प्रोग्राम चढवताना तो काढायला विसरू नका, मी दोनदा विसरलोय.

मग घ्यायचा कोणता?

रेडिओला स्वतःचा चेहरा असेल, म्हणजे पुढं पडदा, बटणं, हेडफोनचं सॉकेट, आयकॉमच्या ७३०० सारखा, तर काहीही घेऊ नका. आतला कीअर आणि आतला साइडटोन उत्तम असतो. ते पैसे चांगल्या पॅडलवर घाला.

रेडिओ नुसता डबा असेल आणि आवाज संगणकातूनच येत असेल, जसा मूळ हर्मीस लाइट २, तर स्वतःचा साइडटोन असलेला बाहेरचा कीअर घ्याच. त्याचं आउटपुट संगणकाला न देता डब्यावरच्या कीच्या सॉकेटात द्या. स्पर्धेत भाग घेत असाल तर विनकीअर जातीचा. हात चालत असेल तर नॅनोवर जोडा. सुटे भाग परभणीत सगळे मिळत नाहीत, मी नांदेडच्या गाडीनं पुढं हैदराबादला गेलो की कोटीच्या गुजराती गल्लीतून आणतो. आउटपुटला पीसी ८१७ ऑप्टोकपलर टाका, संगणकाचं आणि रेडिओचं ग्राउंड वेगळं राहतं. त्याआधी रेडिओच्या कीच्या सॉकेटावर मल्टिमीटर धरा. ३.३ किंवा ५ व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर कलेक्टर टोकाला, एमिटर ग्राउंडला. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटवर हा कीअर तसाच नेऊ नका, तिथं मायनसमध्ये मोठं व्होल्टेज असतं.

आणि काही जणांनी आता अँटेना शेतावर आखाड्यात आणि माणूस गावातल्या घरी, मध्ये इंटरनेट, असा संसार मांडलाय. त्यांनी पॅडलचा हट्ट सोडून कीअर आखाड्यावर ठेवावा आणि इथून अक्षरं पाठवावीत. नेटवर डिट पाठवले तर एक लवकर पोचतो, एक रेंगाळतो.

हिंगोलीच्या पोराला मी एवढंच सांगितलं होतं की रेडिओचा मेनू बघ आणि पिनेचा फोटो पाठव. फोटो आला, पिन दोन कड्यांची. ती बदलली. दुसऱ्या दिवशी परत फोन, "काका, डा थांबले, पण आता 'ए'चा 'एस' जायलाय."

म्हणून मला फोन करताना आधी एवढं बघून ठेवा: रेडिओचा आतला कीअर चालू की बंद, पिन किती कड्यांची, साइडटोन कोणत्या डब्यातून ऐकता, वेग किती, आणि बिघाड किती वॉटला आणि कोणत्या बँडवर सुरू होतो. दुकानात कुणी "मोटार चालत नाही" म्हणून दीडशे फुटांवरून मोटार उपसून आणतो, त्याला मी आधी फ्यूज पाहिला का विचारतो. संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा माझे हात वॉर्निशनं भरलेले असतात.